जर्मनीला जायचंय? लोनचं नंतर बघू, आधी जर्मनचं बोला

दिवाळी झाली की माझ्या इनबॉक्समध्ये भाचरं वाढायला लागतात. सख्खं कुणीच नाही. कुणाच्या मावसबहिणीचा मुलगा, कुणाच्या सोसायटीतल्या काकूंची सून. प्रश्न ठरलेला: "ताई, जर्मनीत मास्टर्स फुकट असतं ना?"

बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, हे खरं. पण मी राहते त्या श्टुटगार्टला, म्हणजे बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्यात, युरोपियन युनियनच्या बाहेरून आलेल्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो मोजावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ पासून फी लावली. शिवाय ब्लॉक्ड अकाउंट. वर्षाचे ११,९०४ युरो व्हिसाच्या आधी भरून ठेवायचे आणि इथे आल्यावर त्यातले महिन्याला ९९२ हातात येणार. पैसे तुमचेच, पण एवढे लाखो रुपये एकदम उभे करायचे म्हणजे घरात चार बैठका होतातच. वय तिशीपार असेल तर विद्यार्थ्यांच्या दरातला सरकारी आरोग्य विमा मिळत नाही, हेही कुणी आधी सांगत नाही. रेडिओ-टीव्हीची वर्गणी तर घरामागे महिना १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो!

तरी अमेरिकेपेक्षा स्वस्तच पडतं. आणि हा हिशोब आपल्याकडचे आईबाप चोख करतात. करत नाहीत तो भाषेचा. "कोर्स इंग्लिशमध्ये आहे" म्हटलं की विषय संपला.

कोर्स इंग्लिशमध्ये असतो हो. घरमालक नसतो. इथे खोली मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो, त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो आणि त्या कागदाशिवाय पुढची बरीच कामं अडतात. खोली मिळवायची तर शेअर्ड फ्लॅटमधली पोरं आधी तुम्हाला बघायला बोलावतात. स्वयंपाकघरात बसवून गप्पा मारतात. आपल्याकडच्या कांदेपोह्यांसारखंच, फक्त पोहे नसतात. तिथे दहा मिनिटं जर्मनमध्ये बोलणारा आणि गप्प बसून हसणारा, यांत खोली कुणाला मिळेल?

मग पिवळं पाकीट. सरकारी खात्याला एखादं पत्र पोहोचल्याची नोंद हवी असली की ते पिवळ्या पाकिटातून येतं. पोस्टमन ते पेटीत टाकताना पाकिटावर तारीख लिहितो आणि उत्तराची मुदत त्या तारखेपासून धावायला लागते. तुम्ही उघडलं कधी, वाचलं कधी, कळलं कधी, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. माझ्याकडे एक मुलगा असं पाकीट घेऊन आला होता. मोबाइलच्या भाषांतरात मजकूर कळला होता, पण आक्षेप कुठे आणि कसा नोंदवायचा ते शेवटच्या परिच्छेदात होतं, आणि त्याने फोटोच पहिल्या पानाचा काढला होता.

नोकरीचं तर विचारूच नका. डिग्रीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष मिळतं, ते भरपूर वाटतं. पण आमच्याकडे गाड्यांच्या मोठ्या कंपन्या आणि त्यांचे पुरवठादार माणसं कमी करतायत. भरती निघते ती बऱ्याचदा गावाकडच्या मध्यम कंपन्यांत, जिथे मीटिंग जर्मनमध्ये, मशीनवरच्या सूचना जर्मनमध्ये आणि साहेब स्थानिक बोलीत बोलणार. तिथे जर्मनची बी-टू पातळी (ए-वनपासून मोजली तर चौथी) नसेल तर सीव्ही उघडलाही जात नाही.

गंमत बघा. केरळमधून नर्सिंगला येणाऱ्या मुली बी-वन (बी-टूच्या खालची पातळी), बी-टू करून येतात, कारण त्यांना त्याशिवाय कुणी घेत नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आमच्या बाडेन-व्युर्टेनबर्गशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, त्यातही गाडी जर्मनच्या प्रशिक्षणापाशीच येते. म्हणजे इलेक्ट्रिशियनने जर्मन शिकायचं आणि इंजिनिअरला मात्र माफ? त्या नर्स इथे लवकर रुळतात हे मी रोज बघते.

पुण्यातल्या मुलांचं मला खरंच नवल वाटतं. मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, गल्लोगल्ली क्लास आहेत. आणि पोरं आयईएल्टीएसमध्ये अर्धा बँड वाढावा म्हणून पुन्हा पैसे भरतात. एक वर्ष घरी राहून, आईच्या हातचं खाऊन बी-वन करा की. इथे येऊन करू म्हणणाऱ्यांचा दिवस लेक्चर, पार्टटाइम काम आणि भांडी घासण्यात जातो. व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. बेकरीच्या काउंटरवर उभं राहायलाही जर्मन लागतं. नाहीतर गोडाउनात रात्रपाळी.

आणि ते "फ्री काउन्सेलिंग" वाले. फ्री असेल तर त्यांचं पोट कशावर भरतं, एवढं तरी विचारा. सरकारी विद्यापीठ त्यांना कमिशन देत नाही, बरीच खासगी देतात. म्हणून "जर्मन नको, प्रवेश नक्की" असं सांगून दहा-पंधरा लाखांच्या खासगी कोर्सला बसवतात आणि बाबा फ्लॅट तारण ठेवतात.

बऱ्याच विद्यापीठांत हिवाळी सेमिस्टरच्या अर्जाची मुदत १५ जुलैला संपते, आपल्यासारख्यांसाठी काही ठिकाणी त्याच्याही आधी. एपीएस सर्टिफिकेटला, म्हणजे आपल्या डिग्रीची कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या दाखल्याला, वेळ लागतो तो वेगळाच. परवा दोघांना म्हटलं, घाई करू नका, यंदाचं वर्ष सोडा, जर्मनच्या बॅचची चौकशी करा. एकीने लगेच केली. दुसऱ्याचा तासाभराने मेसेज आला: "ताई, आयर्लंडला ओळखीचं कुणी आहे का?"