चक्कर आली की मीठ-साखर-पाणी? आधी ती किती वेळ टिकली ते सांगा

व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. ‘चक्करेची कारणं तीनच: बीपी लो, पित्त नाहीतर मानेचे मणके. मीठ-साखरेचं पाणी घ्या, मानेला पट्टा लावा, चक्करेची गोळी घ्या. दवाखान्यात पैसे घालवू नका.’ आईवडिलांच्या पिढीत तो डोळे मिटून पुढे पाठवला जातो, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘बीपी लो झालंय.’ मोजलं कुणी? बहुतेक घरांत यंत्र कपाटातच राहतं आणि ग्लासात चमचा फिरायला लागतो. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आडवं असताना बीपी मोजायचं आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर संशय खरा. त्यामागे जुलाब असतील, रक्तस्राव असेल, जुना मधुमेह असेल. कित्येकदा बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्याच असतात. जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर मीठ-साखर-पाणी उत्तमच. पण ज्याचं बीपी मुळात वाढलेलं आहे किंवा हृदय कमजोर आहे, त्याला न मोजता मीठ पाजणं हा उपचार नव्हे.

‘मानेचे मणके.’ हा गैरसमज सगळ्यात चिवट, कारण हातात एक्स-रे असतो. पन्नाशीनंतर मानेच्या एक्स-रेत झीज बहुतेकांच्या दिसते, चक्कर येवो न येवो. ‘पण मान वळवली की गरगरतं ना!’ मान वळते तेव्हा कानही वळतो, आणि तोल सांभाळणारं इंद्रिय आतल्या कानात आहे. तिथले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण जागचे सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले, की पहाटे कूस बदलताच खोली फिरते, माणूस पलंगाची कड धरून बसतो आणि मिनिटभरात सगळं शांत. वरच्या फळीवरचा डबा काढताना पुन्हा तेच. याचं नाव बीपीपीव्ही.

याचं निदान एक्स-रेत होत नाही, डोळ्यांत होतं. डॉक्टर डोकं एका बाजूला वळवून पेशंटला झटकन मागे आडवं करतात. दोन-चार सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळं झटके देत गोल फिरू लागतात आणि थोड्या वेळाने आपोआप थांबतात. अमेरिकेतले डॉ. जॉन एप्ली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने वळवत ते कण परत जागेवर आणता येतात. बऱ्याच जणांना एक-दोन बैठकांतच आराम पडतो. पट्ट्याचं इथे काही काम नाही.

‘पित्त.’ गरगरलं की मळमळतं, उलटी होते. उलटी चक्करेमागून येते. आपण तिलाच कारण धरून बसतो.

मेसेजमध्ये जे विचारलेलंच नाही ते म्हणजे चक्कर टिकते किती आणि येते कशाने. तासन्‌तास गरगर, सोबत कानात आवाज आणि ऐकू कमी, तर मेनिएर हा आतल्या कानाचा आजार. दिवसेंदिवस सलग, तर कानाच्या नसेची सूज असू शकते. अर्धशिशीवाल्यांना डोकं न दुखताही चक्कर येते.

‘गोळी घ्या.’ तीव्र त्रासात चार दिवस ठीक. महिनोन्‌महिने घेतली तर मेंदूला नव्याने तोल शिकायची संधीच मिळत नाही. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनॅरिझिन या चक्करेच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने वयस्करांना हातांची थरथर आणि अंगाचा ताठरपणाही येऊ शकतो.

‘दवाखान्यात जाऊ नका.’ हे वाक्य मात्र जिवावर बेतू शकतं. अचानक सुरू होऊन न थांबणारी चक्कर, आधाराशिवाय उभं न राहता येणं, एकाचे दोन दिसणं, बोलणं जडावणं, गिळताना ठसका, कधी नव्हे इतकी डोकेदुखी: यातलं काहीही असेल तर लहान मेंदूचा, म्हणजे डोक्यात मागे असलेल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा, झटका (स्ट्रोक) असू शकतो. हातपाय नीट हलतात म्हणून निर्धास्त राहू नका, या झटक्यात ते हलू शकतात. सुरुवातीचा सीटी स्कॅनही नॉर्मल येऊ शकतो. छातीत दुखून किंवा शुद्ध हरपून चक्कर आली, तरी थांबायचं नाही. १०८ ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा. डॉक्टर आधी तेच विचारतील, कारण मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.