गैरसोयीच्या आकड्याची विल्हेवाट

सत्तेवर आलात, अभिनंदन. खोटं बोलायच्या फंदात पडू नका, खोटं पकडलं जातं. मोजपट्टी ताब्यात घ्या, तेवढ्यावर भागतं.

महागाईपासून सुरुवात करा. निर्देशांक 100 चा 110 झाला, म्हणजे 10 टक्के. पुढच्या वर्षी 115.5, म्हणजे 5 टक्के. आता "महागाई निम्म्यावर आणली" असं बेलाशक ठोकून द्या. भाव साडेपंधरा टक्के चढलेलेच आहेत, पण तो हिशेब कोण करत बसतंय!

आलेखाचा उभा अक्ष शून्याऐवजी 95 पासून सुरू करा. उंबरठ्याचा डोंगर होतो.

वाईट आकडा शुक्रवारी संध्याकाळी.

मोजणाराच हट्टी निघाला तर? 1937 च्या सोव्हिएत जनगणनेत माणसं भरली सुमारे 16 कोटी 20 लाख. स्टालिननं तीन वर्षं आधीच 16 कोटी 80 लाख सांगून टाकले होते. 1932-33 च्या दुष्काळात मेलेले मोजणीला उभे राहिले नाहीत, हा गुन्हा गणकांचा. जनगणना रद्द, अधिकारी तुरुंगात, काहींना गोळ्या. 1939 मध्ये पुन्हा मोजलं, 17 कोटी भरले! अर्जेंटिनानं 2007 मध्ये नुसती महागाई मोजणाऱ्या बाईंची उचलबांगडी केली. पुढे स्वतंत्रपणे आकडे काढणाऱ्या अर्थतज्ज्ञांना दंड ठोकले.

एवढाही गाजावाजा नको असेल तर पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाचा निर्देशांक 100 धरतात ते, बदला. त्यात गैर काहीच नाही. लोकांचा खर्च बदलतो, तशी वस्तूंची वजनं, म्हणजे निर्देशांकातला त्यांचा वाटा, हीही बदलावी लागतात. फक्त जुनी आणि नवी मालिका काही काळ शेजारीशेजारी द्यायची असते, लिंकिंग फॅक्टर, म्हणजे जुने आकडे नव्यांशी जोडणारा गुणक, छापायचा असतो. तेवढं विसरा. जुन्या मालिकेची लिंक दाबली की 404. नवे तक्ते पीडीएफमध्ये, तेही स्कॅन केलेले. मधली पानं आडवी. रकान्यांची शीर्षकं एका पानावर, आकडे पुढच्या पानावर. 3 आहे की 8, भिंग लावूनही कळू नये. सर्च मारला तर एक शब्द सापडत नाही. अहो, हे तक्ते एक्सेलमध्येच बनले ना? मग प्रिंट काढून, वर शिक्का मारून, परत स्कॅन करायचा उपद्व्याप कशासाठी? आणि त्यातून कुणी एकेक आकडा हातानं उतरवून काढला, की तुमचा प्रवक्ता विचारणार, "पुरावा काय?"

लाज वाटू द्या जरा. 26 एप्रिल 1986 ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. 28 तारखेला सकाळी स्वीडनच्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कामगाराच्या बुटांमुळे किरणोत्सार मोजणारं यंत्र वाजलं, तेव्हा कुठे त्या रात्री मॉस्कोनं तोंड उघडलं. तरी 1 मे ला कीवच्या रस्त्यांवरून मुलाबाळांसकट मिरवणूक काढलीच. किरणोत्साराचे आकडे कागदावर होते, तेही दाबून ठेवले होते.

जुनी मालिका परत ठेवा. लिंकिंग फॅक्टरसकट. एक्सेलमध्ये.