घंटा नाशिकला, किल्ला वसईला

मामांनी परवा नाशिकहून घरच्या ग्रुपवर वसई किल्ल्याचा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, "गुलामीची खूण. चिमाजी अप्पांचं स्मारक तेवढं ठेवा, बाकीचं पाडा." लगेच चार अंगठे पडले. किल्ला पोर्तुगीजांचा आणि मी राहतो पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला, त्यामुळे मी काहीही बोललो तरी 'त्यांच्या बाजूचा' ठरणार. म्हणून एवढंच विचारलं, मामा, मग नारोशंकराची घंटा उतरवायची का?

पंचवटीतलं रामेश्वराचं देऊळ नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये बांधलं, पण त्याची ओळख आहे ती घंटेमुळे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. १७३९ मध्ये अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या, त्यातली ही. भीमाशंकरलाही तशी एक आहे. पावसाळ्यात गोदेला पाणी चढलं की आमची आजी विचारायची, "घंटेपर्यंत आलं का रे?" पोर्तुगीजांच्या घंटेवर नाशिककर पूर मोजत आलेत आणि ती कुणाला परकी वाटली नाही.

वसई १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढे दोनशे वर्षं त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. तट भक्कम होता, म्हणून तर मराठ्यांना सुरुंग लावून बुरूज उडवावा लागला. तो तटच पाडला तर अप्पांचा पराक्रम पोरांना दाखवायचा कशावर? मागच्या सुट्टीत गेलो होतो. चर्चच्या भिंतीवर कोळशाने बदाम काढलेले, आणि कमानीखाली लग्नाआधीचं फोटोशूट चाललेलं.

इथले, लिस्बनचे लोक फार शहाणे आहेत अशातला भाग नाही. नदीकाठी दर्यावर्दींचं भलंमोठं स्मारक मिरवतात. २०१८ मध्ये 'शोधांचं संग्रहालय' काढायची टूम निघाली, तेव्हा त्या नावावर इथल्याच इतिहासकारांनी हरकत घेतली. (शोध कुणाचा? आम्ही हरवलो होतो थोडेच!) पण कार्मोच्या मठाचं मला कौतुक आहे. १७५५ च्या भूकंपात त्याचं छप्पर पडलं, ते पुन्हा घातलंच नाही. नुसत्या कमानी उभ्या आहेत, वर आभाळ. आत संग्रहालय आहे. दुपारी शाळेची पोरं फरशीवर फतकल मारून त्या कमानींची चित्रं काढत असतात.

मामांचं उत्तर दोन दिवसांनी आलं. "घंटेचं वेगळं आहे. ती आपण जिंकून आणली."

किल्लाही आपणच जिंकला होता मामा, फक्त उचलून आणता आला नाही, असं मी लिहिलं. त्यावर काही बोलले नाहीत. रामकुंडावर पाणी किती चढलंय, याचा फोटो तेवढा पाठवला.