‘घरचं झालं थोडं…’ : अंबडहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रविवारीच वाचली. लगेच लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून चार दिवस जाऊ दिले.

युगांडातल्या कायुंगा जिल्ह्यात आम्ही दहा-अकरा जण पदरमोड करून हातपंपांचं जे काम करतो, त्यावर मी लिहिलं होतं. तुम्ही तीन गोष्टी सुनावल्यात. अंबड तालुक्यात उन्हाळा लागला की टँकरची वाट बघतात आणि हे निघाले आफ्रिकेला पाणी पाजायला, ‘घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं’. पोरांना रांगेत उभं करून काढलेला फोटो बघून चीड आली. आणि असले पंप दोन वर्षांत बंद पडतात, मागे कुत्रं फिरकत नाही.

फोटो काढून टाकलाय. आमच्या शाळेत वह्या वाटायला पाहुणे आले की आम्हालाही असंच उन्हात उभं करायचे. मला ते आठवायला हवं होतं.

पंप बंद पडतात हे तर खरंच. २००९ साली आफ्रिकेतल्या वीस देशांचे आकडे एकत्र केले तेव्हा शंभरातले ३६ हातपंप बंद निघाले होते. मुलं खेळता खेळता पाणी उपसतील अशा चक्राच्या ‘प्लेपंप’साठी २००६ मध्ये अमेरिकेत कोट्यवधी डॉलर जाहीर झाले. पुढे एका वृत्तपत्राने हिशोब मांडला, की ठरवलेलं पाणी काढायला मुलांना दिवसाचे सत्तावीस तास खेळावं लागेल! मोझांबिकमध्ये बायाच ते चक्र ढकलत बसल्या.

दुसऱ्यांना हसणं सोपं आहे, म्हणून आमचंही सांगतो. पहिल्या गावात आम्ही साधे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप टाकले. तिथलं पाणी किंचित आम्लधर्मी, हे तपासायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. वर्ष-सव्वा वर्षात पाइप गंजून पाणी तांबडं यायला लागलं. चहा टाकला की काळा, पांढरा गणवेश धुतला की पिवळा. बाया मुकाट्याने पिवळे जेरीकॅन उचलून पुन्हा दलदलीकडच्या झऱ्यावर जायला लागल्या. मला कळलं ते पाच महिन्यांनी. आमच्या नावाची पाटी मात्र शाबूत होती.

तेव्हापासून नवं बोअर नाही आणि पाटीही नाही. बंद पडलेले पंप दुरुस्त करायचे, एवढंच. मेकॅनिक तिकडचाच, बोडा-बोडावर (भाड्याच्या मोटरसायकलवर) पाने-पकडी बांधून येतो. त्याची मजुरी गावची पाणी समिती देते, घरटी महिना हजार शिलिंग, म्हणजे आपले पंचवीसेक रुपये. एका गावची खजिनदार बाई चपात्या विकते (हो, चपातीच म्हणतात) आणि तव्याशेजारी तिची वही असते. ज्याने पैसे दिले नाहीत त्याचा जेरीकॅन रांगेत शेवटी. मला ते कठोर वाटलं होतं, पण आमच्या आईची भिशी याहून मवाळ नव्हती. आम्ही देतो ते फक्त स्टेनलेस स्टीलचे पाइप, कारण तेवढं त्या वहीतून निघत नाही.

राहिलं ‘घरचं’. याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. नऊ वर्षं मी कंपालात राहतो, पगार इथला खातो. भारतीय म्हणजे दुकानदार, १९७२ साली इदी अमीनने हाकलले आणि नंतर परत आले ते, अशी इथली ओळख. हातात पाना धरलेला ‘मुयिंडी’ (भारतीय) बघून लोक आधी हसतात. टँकरच्या गावाला माझा पैसा जास्त उपयोगी पडला असता का? पडलाही असता. पण मी तिथे नाही, आणि लांबून केलेल्या कामाचं काय होतं ते पाच महिन्यांत बघितलंय.

तुम्ही जालना जिल्ह्यातले म्हणून एक सांगतो. इथले ‘यू-टू’ पंप म्हणजे आपल्या इंडिया मार्क टू हातपंपाची नक्कल. मार्क टूचं मूळ सोलापूरच्या पंपात, आणि त्याच्याही आधी जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमध्ये बनलेल्या पंपात. एका घरासाठी केलेले बिडाचे पंप अख्ख्या गावाने हापसले की मोडायचे, म्हणून तिथे पोलादाचे जोडून बघितले. कायुंगातली पोरगी दांडा हापसते तेव्हा वरच्या पेटीत साखळी कमानीवरून सरकते, ती रचना सोलापूरचीच. त्यामुळे हे घोडं व्याह्याने धाडलेलं नाही, आपल्याच तबेल्यातलं आहे.

आता एक काम तुमच्याकडेच. एका गावात गंजून आटे तुटले आणि पंपाच्या सिलिंडरसकट चार पाइप बोअरमध्ये पडलेत. इथल्या मेकॅनिकने दोनदा गळ टाकला, हाती लागले नाहीत. तुमच्याकडे बोअरमध्ये अडकलेल्या मोटरी काढणारे लोक असतात. त्यांचा ओढून काढायचा आकडा कसा असतो, त्याचा फोटो पाठवता येईल का? आम्ही इथे वेल्डिंगवाल्याकडून करून घेऊ.