फेकाफेकी

आमच्या घरात माणसं दोन आणि फोन चार. दोन आमच्या खिशांत, तिसरा मेलेला आणि चौथा देवघरात.

चौथा देवघरात असण्यामागे भक्ती नाही. फिनलंडला आलो तेव्हा भारतातला नंबर जिवंत ठेवायचा म्हणून ते सिम एका काळ्या, बटणांच्या फोनमध्ये घातलं. एस्पोतल्या आमच्या दोन खोल्यांत त्याला धड रेंज मिळते ती फक्त पुढच्या खिडकीत, जिथे आम्ही गणपती ठेवलाय. त्यामुळे बँकेचा ओटीपी येणार असला की मी आपोआप गणपतीसमोर उभा राहतो. बायको म्हणते, इतका वेळ हात जोडून तू चतुर्थीलाही उभा नसतोस.

मुदत तीन मिनिटं. ओटीपी येतो चौथ्या मिनिटाला. मधल्या वेळात हमखास कुणीतरी वैयक्तिक कर्ज द्यायला फोन करतं. तो मी ओटीपीच्या आशेनं उचलतो आणि रोमिंगचे पैसे भरतो. शिवाय आईला कितीही सांगितलं तरी ती याच नंबरवर फोन करणार. तिचे सकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आमचे साडेपाच. "उठलास का रे?" या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं धैर्य मला गेल्या सहा वर्षांत झालेलं नाही.

हे सगळं मी एकदा ऑफिसात जेवताना शेजारच्या फिनिश सहकाऱ्याला ऐकवलं. तो बटाटा सोलता सोलता, 'कोपऱ्यावर किराण्याचं दुकान आहे' या सुरात म्हणाला, "मग फेक की. साव्होनलिन्नाला फोन फेकायच्या जागतिक स्पर्धा भरल्यात."

मला वाटलं, विनोद करतोय. पण फिन माणूस विनोद करताना आणि करत नसताना सारखाच दिसतो.

विनोद नव्हता. साव्होनलिन्ना हे तळ्यांच्या मधोमध वसलेलं गाव. इथून आगगाडीनं चार तासांच्या वर, तेही पारिक्कालाला गाडी बदलून. १४७५ साली बांधायला घेतलेला किल्ला आहे तिथे. जुलैत त्या किल्ल्यात ऑपेरा होतो, आणि २००० साली त्याच गावात फोनफेकही सुरू झाली. सुरू केली कुणी, तर भाषांतर आणि दुभाषाचं काम करणाऱ्या एका कंपनीनं. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं पोटात घेणाऱ्यांना फोन भिरकवावासा वाटला, यात मला तरी नवल वाटलं नाही.

फेकण्याचे दोन मुख्य प्रकार. एक सरळ, खांद्यावरून, किती लांब जातो ते मोजायचं. दुसरा कलात्मक. त्यात अंतराला किंमत नाही. गिरकी घ्या, कोलांटी मारा, पंच गुण देतात. लहान मुलांचा वेगळा गट. आमच्याकडे मुलाच्या हातून फोन पडला तरी धपाटा बसतो, इथे पदक.

आता भालाफेकीचा विश्वविक्रम आहे ९८.४८ मीटरचा, १९९६ पासून. आणि २०१२ साली एका फिनिश पोरानं फोन फेकला १०१.४६ मीटर! दोन वर्षांनी एका बेल्जियनानं ११०.४२. भाला निदान फेकण्यासाठीच केलेला असतो. फोन बनवणाऱ्या बिचाऱ्याच्या मनात असं काही नसतं.

नसतं असं तरी कसं म्हणू? नोकिया इथलीच. १८६५ साली लगद्याच्या गिरणीपासून निघालेला हा व्याप पुढे रबरी बुटांपर्यंत गेला आणि मग फोनपर्यंत. फिनलंडमध्ये रबरी बूट फेकण्याच्याही स्पर्धा होतात. म्हणजे त्यांनी जे जे बनवलं ते ते या लोकांनी फेकून पाहिलं. कागदाचं काय केलं, ते विचारायचं राहून गेलं.

उत्साहाच्या भरात मी रविवारी बाबांना सांगितलं की मी फोनफेकीचा सराव करणार आहे. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "फेकण्यात तू लहानपणापासून पहिलाच. बारावीला किती पडतील म्हणाला होतास?"

"बाबा, हे खरं फेकणं आहे."

"नीरजनं तिथेच, तुर्कूला, ८९.३० टाकला होता २०२२ ला. तू किती टाकलास ते मोजून कळव. अंदाजे नको."

ऑगस्टातल्या एका संध्याकाळी मैदानात उतरलो. साडेआठ वाजले तरी लख्ख ऊन. उजव्या खिशात मेलेला फोन, डाव्या खिशात देवघरातला. तो अशासाठी की आईची मुदतठेव त्याच दिवशी संपत होती, ती ऑनलाइन नव्यानं ठेवायची होती, दोन ओटीपी वाया गेले होते आणि मैदानात रेंज बरी येते असा माझा समज होता. दोन्ही फोन काळे, बटणांचे, सख्खे भाऊ शोभतील असे.

पहिली फेक बाराएक पावलं. कैऱ्या पाडण्याचा माझा अनुभव इथे अगदीच कुचकामी; कैरी वर असते. दुसरी फेक माझ्याच मागे पडली. वळून पाहतो तर बाकावर आमच्या इमारतीतले आजोबा. सहा वर्षं आम्ही एकाच लिफ्टनं ये-जा करतो. एवढ्या काळात ते माझ्याशी एकदाच बोलले होते, तेही "लिफ्ट बंद" एवढंच.

आजोबा उठले. पायाजवळचा एक खडा उचलला. कोपर वर, मनगट मागे, आणि शेवटच्या क्षणी नुसता एक झटका, पोळी तव्यावर टाकताना आई देते तसा. खडा कुठे गेला ते दिसलंच नाही. मग स्वतःच्या मनगटावर दोन बोटं टेकवून ते म्हणाले, "रान्ने." म्हणजे मनगट. आणि परत बाकावर.

तेवढ्यात डाव्या खिशात फोन थरथरला. ओटीपी! घाईनं काढला. ओटीपी नव्हता. 'सर, प्री-अप्रूव्ह्ड लोन...' पुढचं मला आठवत नाही. कोपर वर गेलं, मनगट मागे गेलं आणि झटका इतका बिनचूक बसला की आजोबांनीही मान हलवली. फोन बर्चच्या झाडांपलीकडे गेला. उजव्या खिशातला मेलेला फोन जागच्या जागी होता.

दीड तास गवतात शोधला. घरी आलो तेव्हा बायकोनं एकच विचारलं, "ओटीपी आला का?"

रात्री हिशेब मांडला. नवीन सिम घ्यायला भारतात जावं लागणार. आईची मुदतठेव, माझं बँकखातं, आधारचा ओटीपी, गॅसचा नंबर, सगळं त्या बर्चच्या झाडाखाली ओलं होत पडलेलं. त्यात पाऊस सुरू झाला. बायको गणपतीकडे पाहत म्हणाली, "आता याला निदान शांत झोप तरी लागेल."

सकाळी ऑफिसला निघालो तर पायवाटेच्या कडेला कुंपणाच्या खांबावर काहीतरी पांढरं. इथे रस्त्यात कुणाचा हातमोजा पडलेला दिसला की लोक तो उचलून असाच कुंपणावर अडकवून ठेवतात, मालकाला दिसावा म्हणून. या खांबावर ब्रेडची रिकामी पिशवी होती, तोंडाला नीट गाठ मारलेली. आत माझा फोन. मागचं झाकण गायब, बॅटरीला रबरबँड. चालू होता. तीन ओटीपी, तिन्ही शिळे. चार मिस्ड कॉल कर्जवाल्यांचे आणि एक साडेपाचचा.

लिफ्टपाशी आजोबा भेटले. मी पिशवी वर करून फिनिशमध्ये आभार मानले. त्यांनी मान डोलावली, लिफ्टचं दार उघडलं, एक पाय आत ठेवला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, वळले. त्यांनी पावलं मोजली होती.

"कोल्मेक्युम्मेन्तॅकाह्देक्सान," ते म्हणाले. अडतीस.