जोहान्सबर्ग म्हणजे फक्त विमान बदलायची जागा?

दक्षिण आफ्रिकेची सहल ठरली की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास येतो: 'जोहान्सबर्गला विमान बदला आणि केपटाउन किंवा क्रूगर अभयारण्य गाठा. शहरात बघण्यासारखं काही नाही, बाहेर पडलात तर लुटले जाल. आपल्या लोकांचा इतिहास डर्बनमध्ये. उकाडा वेगळाच.'

'बघण्यासारखं काही नाही.' समुद्र नाही, मोठी नदी नाही, हे कबूल. १८८६ मध्ये सोनं सापडलं म्हणून वसलेलं हे शहर आहे. निसर्गासाठी केपटाउनलाच जा. पण हा देश समजून घ्यायचा असेल तर कॉन्स्टिट्यूशन हिलला अर्धा दिवस द्याच. इथल्या जुन्या तुरुंगात १९०८ मध्ये गांधीजी होते, १९६२ मध्ये मंडेला. कच्च्या कैद्यांची इमारत पाडली आणि तिच्याच विटा तिथेच उभ्या राहिलेल्या घटना न्यायालयाच्या दालनात लावल्या. जिने तेवढे जागेवर ठेवले. १९९५ मध्ये फाशीची शिक्षा घटनाबाह्य ठरवली ती याच न्यायालयाने. दुसऱ्या दिवशी सोवेटो, ही वर्णभेदाच्या काळातली कृष्णवर्णीयांची वस्ती: मंडेला आणि आर्चबिशप डेस्मंड टुटू यांची घरं एकाच विलाकाझी स्ट्रीटवर, आणि जवळच १६ जून १९७६ च्या विद्यार्थी उठावाचं स्मारक. एवढं असूनही 'काही नाही' म्हणणारे बहुधा विमानतळाबाहेर पडलेलेच नसतात.

'आपला इतिहास डर्बनमध्ये.' उसाच्या मळ्यांवरचे गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, डर्बनला उतरले, हे बरोबर. पण हिंदी लोकांवर नोंदणीची सक्ती करणाऱ्या कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची पहिली शपथ ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात घेतली गेली. १६ ऑगस्ट १९०८ ला हमीदिया मशिदीसमोर हिंदी लोकांनी नोंदणीचे दाखले भल्यामोठ्या भांड्यात घालून जाळले. ती मशीद आजही उभी आहे. तिथून फोर्ड्सबर्ग ही हिंदी लोकांची जुनी वस्ती जवळच. जेवायला तिकडेच जा.

'लुटले जाल.' गुन्हेगारी आहे, आणि ती कमी लेखू नये. पण मेसेज भीती घालून थांबतो, काय करायचं ते सांगत नाही. विमानतळावरून सँडटन या उपनगराला गाउट्रेन या जलद रेल्वेने पाव तासात पोहोचता येतं. ती सोवेटोला जात नाही. तिकडे माहीतगार गाइडबरोबर जा. जुन्या शहरात अंधार पडल्यावर पायी फिरू नका, रस्त्यात फोन हातात धरू नका, गाडी ॲपवरूनच मागवा.

आणि उकाडा? शहर सुमारे १,७५० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा उंच. जून-जुलैत तिथे हिवाळा असतो आणि रात्री पारा शून्याच्या आसपास येतो. स्वेटर न्या.