ब्रॅन म्हणजे नाइट किंग नव्हे: त्या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

'गेम ऑफ थ्रोन्स' 2019 मध्ये संपली, पण 'ब्रॅनच नाइट किंग', म्हणजे मालिकेतला स्टार्क घराण्यातला पोरगाच प्रेतं उठवणारा बर्फाचा राजा, हा फॉरवर्ड काही संपत नाही. आता तो माझ्या भाच्याच्या ग्रुपवर पोचला. पोरगं पहिल्यांदाच मालिका बघतंय आणि विचारतंय, 'मामा, शेवट खोटा आहे का? खरा कापला म्हणे.' म्हणून हे लिहितोय. पुढे सगळे ट्विस्ट उघड होणार आहेत. ज्यांची मालिका बघायची राहिली आहे, त्यांनी इथेच थांबावं.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: नाइट किंग मुळात तयारच होऊ नये म्हणून ब्रॅन स्टार्क (याचं मन भूतकाळात जाऊ शकतं आणि दुसऱ्याच्या अंगात शिरू शकतं) भूतकाळात गेला, त्या माणसाच्या शरीरात शिरला आणि कायमचा अडकला. पुरावे पाच. ब्रॅनला वाहून नेणाऱ्या होडोरचा प्रसंग, स्टार्कांच्या घरची दाई म्हातारी नॅन हिची गोष्ट, दोघांच्या चेहऱ्यातलं साम्य, प्रेतांच्या फौजेचा वरून दिसणारा लांडग्याचा आकार, आणि 'खरा शेवट चित्रित करून दडवला' ही बातमी.

होडोरपासून सुरुवात करू, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. ब्रॅनचा भूतकाळावर परिणाम होतो, एवढं मला मान्य करावंच लागतं. सहाव्या सीझनच्या तिसऱ्या एपिसोडात तो भूतकाळातल्या टॉवर ऑफ जॉय या बुरुजापाशी वडिलांना हाक मारतो आणि तरुण नेड मागे वळून पाहतो. पाचव्या एपिसोडात होडोरचं सगळं आयुष्यच त्याच्यामुळे बदलतं. पण ते कसं घडतं, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं नीट पाहिलेलं नाही. ब्रॅनचं शरीर गुहेत आहे. मन जुन्या विंटरफेलच्या, म्हणजे स्टार्कांच्या गढीच्या, अंगणात, कोवळ्या वायलिससमोर. गुहेतून त्याची सोबतीण मीरा जिवाच्या आकांतानं ओरडतेय, तो आवाज अंगणातल्या ब्रॅनपर्यंत येतो आणि तो तिथूनच गुहेतल्या होडोरचा ताबा घेतो. होडोर आणि वायलिस एकच माणूस, त्यामुळे दोन्ही काळ त्याच्या डोक्यात एकमेकांना भिडतात. वायलिस जमिनीवर कोसळतो, झटके येतात, आणि 'होल्ड द डोअर' म्हणता म्हणता 'होडोर' एवढंच उरतं.

म्हणजे एकच माणूस दोन्ही काळांत जिवंत हवा आणि ब्रॅनचा दोन्हीकडे एकाच वेळी संबंध हवा. नाइट किंगच्या बाबतीत हे जुळवायचं तर ब्रॅननं आजच्या नाइट किंगचा ताबा घेतलेला दिसायला हवा. तसं आठही सीझनमध्ये एकदाही दिसत नाही. उलट नाइट किंगच ब्रॅनला ओळखतो, हात धरतो, खूण उमटवतो. आणि इतकं होऊनही ब्रॅन वायलिसच्या शरीरात राहायला गेलेला नाही. वायलिस वायलिसच राहिला, फक्त त्याची वाचा गेली.

'शरीरात अडकला' हे तर मालिकेच्या स्वतःच्या नियमांविरुद्ध आहे. चौथ्या सीझनमध्ये मीराचा भाऊ जोजेन ब्रॅनला बजावतो की समरच्या, म्हणजे त्याच्या लांडग्याच्या, अंगात शिरून शिकार खाल्लीस तरी तुझं पोट भरत नाही, आणि फार वेळ तिथे राहिलास तर माणूस असल्याचं विसरशील. म्हणजे मन बाहेर असताना शरीर मागे उपाशी पडून असतं. ब्रॅन खरोखर हजारो वर्षं अडकला असता, तर मागे राहिलेलं शरीर निपचित असतं. ते तर विंटरफेलमध्ये चाकाच्या खुर्चीत बसून जेमीशी बोलतंय. स्वतःच्या मृत्यूनंतर दुसऱ्या अंगात उरण्याचं उदाहरणही आहे, ते प्राण्यांच्या अंगात शिरणाऱ्या ऑरेलचं. तिसऱ्या सीझनमध्ये जॉन स्नो त्याला मारतो आणि तो आपल्या गरुडात शिरतो. पण त्यासाठी ऑरेलला आधी मरावं लागलं. ब्रॅन मेलेलाच नाही.

आणि ज्या दृश्यावर ही थिअरी बेतली आहे, ते तरी पाहा. माणसांच्या आधीपासून रानात राहणाऱ्या चिल्ड्रन ऑफ द फॉरेस्टनी एका माणसाला झाडाला बांधलंय आणि त्याच्या छातीत ड्रॅगनग्लास ही काळी काच खुपसली जातेय; तोच पुढे नाइट किंग होतो. ब्रॅन बाजूला उभा राहून पाहतोय. दृश्य संपतं, तो गुहेत परत येतो आणि त्यांच्यातल्याच लीफला तोंडावर विचारतो की हे तुम्ही केलंत का. ती सांगते की माणसं आम्हाला कापून काढत होती. तो गेला, पाहिलं, परत आला. 'नंतर पुन्हा गेला असेल' हे फॉरवर्डनं पदरचं घातलेलं आहे.

एवढ्यावरही कोणाचं समाधान होत नसेल, तर आठव्या सीझनचा तिसरा एपिसोड लावा. वीअरवुड या पवित्र झाडाखाली ब्रॅन आणि नाइट किंग समोरासमोर आहेत. ब्रॅनची बहीण आर्या झेप घेते, खंजीर डाव्या हातातून सोडून उजव्यात झेलते आणि नाइट किंगला भोसकते. तो फुटतो, त्याबरोबर त्यानं घडवलेले सगळे व्हाइट वॉकर, म्हणजे त्याचे बर्फाळ साथीदार, फुटतात आणि उठवलेली प्रेतं कोसळतात. हा नियम सातव्या सीझनच्या सहाव्या एपिसोडात आधीच दाखवलाय: जॉन एका वॉकरला मारतो आणि त्यानं उठवलेली प्रेतं जागीच आडवी होतात. या सगळ्यात ब्रॅनला ओरखडाही उठत नाही. त्याचा जीव नाइट किंगमध्ये असता, तर तो त्याच रात्री गेला असता. तो जगतो आणि शेवटच्या एपिसोडात राजा होतो.

म्हाताऱ्या नॅनची गोष्ट मात्र, मालिका ज्या कादंबऱ्यांवर बेतली आहे, त्यांत खरंच आहे. 2000 साली आलेल्या तिसऱ्या खंडात ती उत्तरेच्या भिंतीची राखण करणाऱ्या नाइट्स वॉचच्या तेराव्या लॉर्ड कमांडरची, म्हणजे 'नाइट्स किंग'ची, दंतकथा सांगते. तो स्टार्क होता म्हणते आणि कदाचित त्याचं नाव ब्रँडन असेल, असंही म्हणते. फॉरवर्ड इथे थांबतो. पण स्टार्क घराण्यात ब्रँडन नावाचे पुरुष कितीतरी झाले, आणि ही गोष्ट एका माणसाची आहे, बर्फातून आलेल्या राजाची नव्हे. खुद्द कादंबऱ्यांचे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी लिहिलंय की पुस्तकांतला हा राजा लॅन द क्लेव्हर किंवा ब्रँडन द बिल्डर यांच्यासारखा दंतकथेतला आहे, आणि त्यांच्याइतकाच तोही आजवर जिवंत उरण्याची शक्यता नाही. मुद्दा इथे संपतो.

चेहऱ्याच्या साम्याचं काय सांगणार? नाइट किंगचं काम चौथ्या-पाचव्या सीझनमध्ये रिचर्ड ब्रेकनं केलं आणि सहाव्यापासून व्लादिमीर फुर्दिकनं. झाडाला बांधलेला माणूसही फुर्दिकच आहे. यातला ब्रॅनसारखा नेमका कोण दिसतो? चेहऱ्यावर कृत्रिम कातडीचा थर चढवलेला, खोल डोळे, वर आलेली गालफडं. अशा चेहऱ्यात हवा तो माणूस दिसतो.

लांडग्याच्या आकारावर जास्त वेळ घालवत नाही. तो लांडगाच आहे असं धरलं तरी त्यातून फार तर स्टार्क घराणं निघेल, ब्रॅन नाही.

आता 'दडवलेला शेवट', ज्यामुळे भाच्याला निम्मी मालिका बघून सोडावीशी वाटली. याचं मूळ खरं आहे: 2017 मध्ये मालिका दाखवणाऱ्या एचबीओ वाहिनीचे केसी ब्लॉइज म्हणाले होते की गुप्तता टिकावी म्हणून शेवटाच्या एकाहून जास्त आवृत्त्या चित्रित करू. म्हणजे त्या बातमी फुटू नये म्हणून होत्या. नाइट किंगला आर्या मारणार हे आपल्याला सुमारे तीन वर्षं ठाऊक होतं, असं निर्माते बेनिऑफ आणि वाइस यांनी त्या एपिसोडनंतर सांगितलं. आणि ब्रॅन राजा होणं ही मार्टिन यांचीच कल्पना असल्याचं निर्मात्यांनी आपल्याला सांगितलं होतं, असं ब्रॅनचं काम करणारा आयझॅक हेम्पस्टेड राइट म्हणालाय. आठवा सीझन घाईत उरकला ही तक्रार माझीही आहे. पण जो शेवट दाखवला, तोच ठरलेला होता.